शेवटच्या फेरीत पुढे असणाऱ्याचीच पंचाईत

18 फेब्रुवारी 1979. फ्लोरिडातल्या डेटोना बीच शहरात 200 फेऱ्यांच्या शर्यतीतल्या 199 फेऱ्या उरकल्या आहेत. दोन गाड्या बाकी सगळ्यांना जवळपास अर्धी फेरी मागे टाकून एकमेकींना चिकटून धावताहेत. पुढे डॉनी ॲलिसन, त्याच्या मागोमाग केल यारबरो. एरवीच्या शर्यती बघत आलेला कुणीही म्हणेल की पारडं डॉनीचं जड. पण त्या ट्रॅकची सवय असलेल्या माणसाने पैसे केलवर लावले असते. त्या काळी डेटोनात शेवटच्या फेरीला पहिलं असणं म्हणजे पाठ उघडी टाकून बसणं. हे डॉनीलाही पक्कं ठाऊक होतं, आणि पुढच्या काही सेकंदांत जे घडलं ते त्याला ठाऊक होतं म्हणूनच घडलं.

1979 च्या डेटोना 500 या 500 मैलांच्या शर्यतीची शेवटची फेरी अमेरिकेत आजही पुन्हापुन्हा दाखवली जाते. दोन गाड्या एकमेकींवर आदळतात, तिसराच माणूस जिंकतो, आणि मग दोन चालक चिखलात उभे राहून गुद्दागुद्दी करतात. मजा म्हणून हे बघायला काही लागत नाही. पण ते तसं का झालं हे कळायला हवं असेल तर आधी हवेची भानगड समजून घ्यावी लागते. ती एकदा कळली की मारामारीपेक्षा तिच्या आधीचं सगळं जास्त रंगतदार वाटू लागतं, निदान मला तरी.

गाड्या कसल्या, रस्ता कसला

स्टॉक कार म्हणजे मूळ कल्पनेत दुकानातून घेतली तशीच गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेत दुसऱ्या महायुद्धानंतर अशा गाड्यांच्या शर्यती गावोगाव होत. त्यांना एका छत्राखाली आणण्यासाठी बिल फ्रान्स यांनी 1948 मध्ये नॅसकार ही संस्था उभी केली. सुरुवातीला डेटोनातली शर्यत समुद्रकिनाऱ्याची वाळू आणि शेजारचा डांबरी रस्ता मिळून व्हायची. 1979 पर्यंत मात्र ‘दुकानातली गाडी’ ही बाहेरच्या पत्र्यापुरतीच उरली होती. डॉनी, केल आणि त्या दिवशीचा विजेता रिचर्ड पेटी, तिघांकडे ओल्ड्समोबिल होत्या. पण त्या पत्र्याखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि जवळपास 5.9 लिटरचं व्ही-8 इंजिन. दरवाजे उघडत नाहीत, चालक खिडकीतून आत शिरतो.

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना या शर्यती म्हणजे नुसतं गोल गोल फिरणं वाटतं. आपल्याकडे नॅसकारचं नाव फारसं पोचलेलं नाही. नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये तिच्या ट्रक मालिकेत उतरला तेव्हा चार बातम्या आल्या, तेवढंच. ‘गोल गोल’ हा आक्षेप अगदी खोटा आहे असंही नाही. पण डेटोनाच्या बाबतीत सगळी गंमत त्या गोलातच आहे.

बिल फ्रान्स यांनी वाळूवरची शर्यत सोडून 1959 मध्ये नवा ट्रॅक सुरू केला. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे साधारण 4 किलोमीटर. वळणांवर रस्ता 31 अंशांनी तिरपा केलेला आहे. या तिरप्या भिंतींसाठी माती हवी म्हणून मैदानाच्या मधोमध इतकं खणलं की तिथे तळंच झालं. लेक लॉइड म्हणून ते आजही आहे.

तिरपा रस्ता कशासाठी? वळणाची त्रिज्या सुमारे 1,000 फूट. ताशी 300 किलोमीटरने त्यात घुसलं की गाडीला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. सपाट रस्त्यावर टायरांची पकड कधीच सुटली असती. रस्ताच आतल्या बाजूला कलला की यातला बराचसा भार सरळ खाली, डांबरावर येतो. म्हणजे जो जोर गाडीला बाहेर भिरकावणार होता तोच तिला रस्त्यावर दाबून धरतो.

याचा परिणाम फार मोठा आहे. वळणासाठी ब्रेक मारायची गरज उरत नाही. चांगली बसवलेली गाडी पूर्ण फेरी ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता मारता येते. दुसऱ्या ट्रॅकवर चांगला चालक ब्रेक उशिरा मारून, वळणाची रेषा नेमकी धरून पुढे जातो. डेटोनात ते कौशल्य बरंचसं निकामी होतं, कारण सगळेच पूर्ण वेगात असतात. मग फरक पडतो कशाने?

हवा

ताशी 300 किलोमीटरला इंजिनाची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या पटीत. हिशेब करून बघा: वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्क्यांनी जास्त लागते. कुठल्याही मेकॅनिकला एका हिवाळ्यात इंजिनातून एवढी जादा ताकद काढता येत नाही. म्हणून इंजिनावर जीव काढण्यापेक्षा हवेचा विरोध चुकवणं स्वस्त पडतं.

तो चुकवायचा कसा, हे हायवेवर सायकल मारलेल्याला सांगायला नको. शेजारून एसटी गेली आणि तिच्या मागे दोन-चार क्षण सापडलात की पायडल अचानक हलकं होतं. पुढच्या गाडीने हवा फाडलेली असते, तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि मागच्याला फुकटात वाट मिळते. याला ड्राफ्टिंग म्हणतात.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. फायदा फक्त मागच्याचा नसतो. एकट्या धावणाऱ्या गाडीच्या शेपटामागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी गाडीला मागे ओढत राहते. दुसरी गाडी अगदी जवळ येऊन तिथे नाक खुपसते तेव्हा ही ओढ कमी होते. म्हणजे पुढचीही सुटते. दोन सारख्या गाड्या एकीमागे एक धावल्या तर त्यांचा वेग दोघींच्या एकट्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. त्यामुळे डेटोनात माणसं ज्याला हरवायचंय त्याच्याच जोडीने धावतात. शेवटच्या फेरीपर्यंत भागीदारी, मग दगाफटका. दगा कधी द्यायचा एवढाच प्रश्न असतो.

ड्राफ्टिंगची ही युक्ती शर्यत जिंकण्यासाठी पहिल्यांदा पुरेपूर वापरली ती ज्युनियर जॉन्सनने, 1960 च्या डेटोना 500 मध्ये. त्याची शेव्हरले गाडी पुढच्या गाड्यांपेक्षा सरळसरळ हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की वेगवान गाडीच्या शेपटाला चिकटून राहिलं तर आपणही तेवढ्याच वेगाने जातो. तो दिवसभर चिकटून राहिला आणि जिंकला. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला हा माणूस, बेकायदा दारू गाडीत घालून पोलिसांना चुकवत नेण्यात तयार झालेला. त्या दारूच्या भट्टीपायी तो तुरुंगातही जाऊन आला होता, आणि पुढे 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. त्याची आठवण इथे काढायचं कारण असं की 1979 मध्ये केल यारबरो चालवत असलेल्या 11 नंबरच्या गाडीचा मालक हाच ज्युनियर जॉन्सन होता.

गोफण

आता मुख्य डाव. समजा तुम्ही पुढच्या गाडीला चिकटून दुसरे आहात. दोघांचा वेग सारखा. तुम्ही पाय किंचित उचलता, मध्ये थोडी फट पडू देता आणि पुन्हा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबता. समोरची हवा अजूनही पुढचीच गाडी फाडते आहे, त्यामुळे ही फट भरून काढताना तुमची गाडी पुढच्या गाडीपेक्षा ताशी चार-सहा मैल जास्त वेग पकडते. तिच्या बंपरला टेकण्याआधी स्टिअरिंग जरासं वळवून तुम्ही बाजूला निघता. आता खरी हवा तुमच्याही तोंडावर आदळते, पण जमवलेला वेग लगेच संपत नाही. तेवढ्यात तुम्ही तिला ओलांडून गेलेले असता. तिकडे याला स्लिंगशॉट, म्हणजे गोफण, म्हणतात.

पुढचा चालक याविरुद्ध फारसं काही करू शकत नाही. त्याच्याकडे उसनी घ्यायला हवाच नाही. फार तर तो मागच्याच्या वाटेत आडवा येऊ शकतो.

फेरी बाकी असेल तर ओलांडला गेलेला माणूस आता मागे गेला, म्हणजे पुढच्या सरळ रस्त्यावर त्यालाही हाच डाव टाकता येतो. पण शेवटच्या फेरीत उलट डाव टाकायला जागा उरत नाही. म्हणून शेवटच्या फेरीला दुसरं असावं, पहिलं नको.

हे किती खरं होतं याचा पुरावा डेव्हिड पिअर्सनने 1974 च्या 4 जुलैला, याच ट्रॅकवरच्या फायरक्रॅकर 400 शर्यतीत दिला. शेवटची फेरी सुरू होते आहे, पिअर्सन पहिला, रिचर्ड पेटी त्याच्या मागे. पिअर्सनने ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला. पेटीला वाटलं याचं इंजिन गेलं. त्याला बाजूने निघून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि अशा रीतीने पेटीला नको असताना पहिला नंबर मिळाला. पिअर्सनने पुन्हा वेग घेतला, पेटीच्या शेपटाला लागला आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याला गोफणीसारखा ओलांडून जिंकला. पेटी भयंकर चिडला होता. त्या वेगात मुद्दाम हळू होणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. पण आघाडीवर असलेला माणूस आघाडी टाकून देण्यासाठी इतका धोका पत्करतो, यातच त्या आघाडीची किंमत कळते.

हेच दोघे 1976 च्या डेटोना 500 मध्ये शेवटच्या वळणावर एकमेकांवर आदळले. पेटीची गाडी शेवटच्या रेषेच्या थोडी अलीकडे बंद पडली. पिअर्सनने गाडी फिरत असतानाही क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं होतं, त्यामुळे चेंदामेंदा झालेली गाडी रखडत रखडत रेषेपलीकडे नेऊन त्याने शर्यत जिंकली. काहींच्या मते 1979 पेक्षा हाच शेवट भारी. मला तो अपघाताचा शेवट वाटतो. 1979 चा शेवट डावपेचाचा आहे.

त्या रविवारी

सकाळी पाऊस झाला होता. ट्रॅक ओला, म्हणून सुरुवातीच्या काही फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली, कुणी कुणाला ओलांडायचं नाही अशा अटीवर झाल्या. डांबर वाळलं, पण आतल्या बाजूचं गवत चिखलाचंच राहिलं. हे गवत लक्षात ठेवा.

बत्तिसाव्या फेरीच्या सुमाराला डॉनी, त्याचा थोरला भाऊ बॉबी आणि केल, असे तिघे मागच्या सरळ रस्त्यावर एकमेकांत गुंतले आणि थेट त्या चिखलात गेले. गाड्या बाहेर काढून पुन्हा चालू होईपर्यंत डॉनी एका फेरीने मागे पडला आणि केल त्याहूनही जास्त. इतर कुठल्या शर्यतीत दोघांचाही खेळ इथेच आटोपला असता.

पण त्या वेळचा नियम असा होता की ट्रॅकवर अपघात होऊन पिवळा दिवा लागला तरी फेरी जिथे संपते ती रेषा येईपर्यंत शर्यत चालूच. फेरीने मागे पडलेली गाडी त्या क्षणी ट्रॅकवर आघाडीच्या गाडीच्या पुढे असली आणि रेषेपर्यंत पुढेच राहिली, तर ती वळसा घालून रांगेच्या शेवटी येऊन उभी राहायची. म्हणजे एक अख्खी फेरी परत मिळाली. पुढे अपघात झालेला असताना त्याच दिशेने जिवाच्या आकांताने धावायचं, असला हा नियम. तो रद्द व्हायला 2003 साल उजाडावं लागलं. केल आणि डॉनी दोघांच्याही गाड्या बाकीच्यांपेक्षा सरस होत्या. शिवाय केल नॅसकारच्या अख्ख्या मोसमाचा सलग तीन वर्षांचा विजेता, 1976, 1977 आणि 1978. त्याने एकेक पिवळा दिवा साधत गेलेल्या फेऱ्या वसूल केल्या आणि शेवटी पुन्हा डॉनीच्या शेपटाला येऊन लागला. मग दोघांनी मिळून, भागीदारीत, बाकीच्यांना लांब मागे टाकलं.

शेवटची फेरी. पहिलं आणि दुसरं वळण संपून गाड्या मागच्या सरळ रस्त्यावर आल्या. हा रस्ता 3,000 फुटांचा, म्हणजे त्या वेगात जेमतेम अकरा सेकंदांचा. केलने ठरवल्याप्रमाणे फट सोडली, वेग जमवला आणि आतल्या, डाव्या बाजूने निघाला. डॉनीला हे अपेक्षितच होतं. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, वाट अडवणं. तोही खाली, डावीकडे सरकला. केल आणखी डावीकडे गेला. आता पुढे डांबर नव्हतं. केलची डावी चाकं त्या ओल्या गवतात उतरली.

एका बाजूची चाकं डांबरावर, दुसऱ्या बाजूची चिखलात, आणि वेग ताशी 300 च्या आसपास. गाडी हाताबाहेर जाणारच. ती उजवीकडे डॉनीवर आदळली, सुटली, पुन्हा आदळली. मग दोघी एकमेकींत अडकून तिसऱ्या वळणाच्या वरच्या भिंतीकडे गेल्या, भिंतीला धडकल्या आणि 31 अंशांच्या उतारावरून घरंगळत खाली आतल्या गवतात येऊन थांबल्या. हा तिरपा रस्ता गाडीला वेगात असताना वर धरून ठेवतो. वेग गेला की तो तिला खाली सोडून देतो.

मागे अर्ध्या फेरीवर रिचर्ड पेटी, डॅरेल वॉल्ट्रिप आणि ए. जे. फॉइट तिसऱ्या नंबरासाठी झगडत होते. पेटीचं तर तिथे असणंच नवलाचं होतं. सलग 45 शर्यती तो जिंकला नव्हता. त्याच हिवाळ्यात अल्सरमुळे त्याच्या पोटाचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नको असं बजावलं होतं. पिवळा दिवा लागला, पण नियमाप्रमाणे रेषेपर्यंत शर्यत चालूच होती. आणि तिसऱ्या नंबरची लढाई एका झटक्यात पहिल्या नंबरची झाली.

म्हणजे आता बघा, अडचणीच्या जागी पेटी आला. शेवटची फेरी, तो पहिला, शेपटाला वॉल्ट्रिप. काही सेकंदांपूर्वी डॉनीची जी अवस्था होती तीच. वॉल्ट्रिपने डाव टाकायचा प्रयत्न केलाही, पण पेटीने त्याला वाट दिली नाही आणि जेमतेम एका गाडीच्या अंतराने रेषा ओलांडली. डेटोना 500 मधला त्याचा हा सहावा विजय. या शर्यतीवर पेटी घराण्याचा जुना हक्कच म्हणायचा. 1959 ची पहिलीच डेटोना 500 रिचर्डचे वडील ली पेटी यांनी जिंकली होती, तीही कशी, तर आधी दुसऱ्यालाच विजेता जाहीर केलं होतं आणि फोटो तपासून निकाल फिरवायला 61 तास लागले होते.

डॉनी आणि केल यांना चौथा आणि पाचवा नंबर मिळाला, दोघेही रेषेपर्यंत न पोचता. बाकीच्यांपेक्षा ते इतके पुढे होते.

चिखलातली मारामारी आणि टीव्ही

डॉनी आणि केल गाड्यांतून बाहेर आले आणि चूक कुणाची यावर तोंडातोंडी सुरू झाली. एवढ्यात बॉबी ॲलिसन आपली शर्यत संपवून परत फिरताना धाकट्या भावाजवळ थांबला, त्याला आपल्या गाडीतून सोडावं म्हणून. केलचा राग आता बॉबीकडे वळला. केलने हेल्मेटने बॉबीला मारलं आणि दोघांची जुंपली. बॉबी पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगताना म्हणायचा की मी काही केलं नाही, केलच आपलं नाक माझ्या मुठीवर आपटत होता.

हे सगळं थेट टीव्हीवर गेलं. एरवी अशा शर्यतींचे तुकडे इतर खेळांच्या मध्ये, बहुधा नंतर, दाखवायचे. इंडियानापोलिस 500 सारखी मोठी शर्यतसुद्धा 1985 पर्यंत त्याच दिवशी उशिरा, रेकॉर्ड करून दाखवली जायची. 500 मैलांची स्टॉक कार शर्यत पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत देशभर थेट दाखवण्याचं धाडस सीबीएसने त्या दिवशी पहिल्यांदा केलं. एका गाडीच्या आतही कॅमेरा बसवला होता. आणि योगायोग असा की अमेरिकेच्या ईशान्येला आणि मध्यपश्चिमेला तेव्हा बर्फ आणि कडाक्याची थंडी होती. लोक घरात अडकलेले, टीव्हीवर मोजकीच चॅनेल. दक्षिणेतल्या या शर्यतींकडे ढुंकूनही न पाहणारे लाखो लोक त्या दिवशी नाइलाजाने बघायला बसले. समालोचक केन स्क्वायर विजेत्या पेटीचं वर्णन करत असतानाच कॅमेरा तिसऱ्या वळणावरच्या गवताकडे वळला.

नॅसकारची भरभराट या एका दुपारी झाली असं सांगायची पद्धत आहे. ते मला जरा जास्तच वाटतं. भरभराट व्हायला पुढे वीस वर्षं लागली, केबल वाहिन्या आल्या, जाहिरातदार आले. पण दक्षिणेबाहेरच्या माणसाला ‘हे काहीतरी बघण्यासारखं आहे’ हे त्या दुपारी कळलं, एवढं खरं.

मग चूक कुणाची?

केल म्हणत राहिला की मी बाजूला पोचलो होतो, त्याने मला रस्त्याबाहेर ढकललं. डॉनीचं म्हणणं, रस्ता माझा होता, त्याला जायचं तर बाहेरून जायचं. नॅसकारने डॉनी, बॉबी आणि केल तिघांनाही प्रत्येकी 6,000 डॉलरचा दंड ठोकला. दोघांचं समाधान काही झालं नाही. लगेच पुढच्या शर्यतीत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकिंगहॅमला, डॉनी आणि केल सुरुवातीच्याच फेऱ्यांमध्ये पुन्हा एकमेकांवर आदळले. जिंकला कोण, तर बॉबी.

माझं मत विचाराल तर दोघांनीही त्या क्षणी बरोबरच केलं, आणि भानगड तिथेच होती. मागच्याने गोफण मारली नसती तर तो कसला चालक? पुढच्याने वाट अडवली नसती तर त्याने शर्यत हातची घालवली असती. फक्त एक जागा राहून गेली, बाहेरची बाजू. केल उजवीकडून गेला असता तर डॉनीला इतक्या लांब वर सरकून अडवणं कठीण होतं. पण बाहेरून वळणाचा रस्ता लांब पडतो, आणि पुढे जेमतेम दोन वळणं बाकी. केलने आखूड रस्ता निवडला. शिवाय सकाळच्या पावसाने भिजलेलं ते गवत कोरडं असतं तर कदाचित त्याची गाडी सावरलीही असती.

आजच्या नियमांनी हाच प्रसंग वेगळा झाला असता. 2001 पासून डेटोनात आतल्या बाजूला पिवळी रेषा आहे. तिच्या खाली जाऊन जागा मिळवली तर शिक्षा, आणि दुसऱ्याला मुद्दाम तिच्या खाली ढकललं तरी शिक्षा. म्हणजे केल आणि डॉनी आज बहुधा दोघेही सुनावणीत उभे असते. अपघात होताच सगळ्यांच्या जागा गोठवल्या असत्या आणि पेटीला वॉल्ट्रिपची धास्ती घेत रेषेपर्यंत धावावं लागलं नसतं. पण मुळात आजच्या नियमांखाली केल शेवटच्या फेरीपर्यंत पोचलाच असता का, हा प्रश्न आहे. रेषेपर्यंत धावून फेऱ्या वसूल करण्याची सोय आता नाही. प्रत्येक पिवळ्या दिव्याला मागे पडलेल्यांपैकी सगळ्यात पुढच्या एकाच गाडीला एक फेरी परत मिळते.

आणि ती गोफणही आता तशी उरलेली नाही. 1987 मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगाला एका गाडीचा टायर फुटला, ती हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली. त्या गाडीत होता बॉबी ॲलिसन. तो वाचला, पण यानंतर 1988 पासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा रोखणारी चकती बसवायला लागले, म्हणजे ताकद कमी, वेग कमी. सगळ्यांचीच ताकद सारखी बांधली गेल्यामुळे तीस-चाळीस गाड्या एकाच घोळक्यात धावू लागल्या. एकाने बाजूला निघून ओलांडायचं म्हटलं तर त्याच्यामागे ढकलायला कुणीतरी हवं, नाहीतर तो एकटा हवेत अडकून दहा जागा मागे जातो. चकती लागल्यानंतरची पहिली डेटोना 500 बॉबीनेच जिंकली, आणि शेवटच्या फेरीला त्याच्या मागे दुसरा होता त्याचा मुलगा डेव्ही. पोराला गोफण मारता आली नाही.